देहाने आणि प्राणाने : फिलाडेल्फियाच्या जर्मन मंडळीची हकीकत



१८१६ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात न्यायमूर्ती जॅस्पर येट्स यांच्यापुढे एक खटला चालला. आरोपी होते फ्रेडरिक एबर्ले आणि त्याचे सोबती, मिळून पन्नासहून अधिक माणसे. सगळे एकाच धर्ममंडळीचे सभासद. त्यांनी चोरी केली नव्हती की खोटी नाणी पाडली नव्हती. आरोप असा होता की, सेंट मायकेल आणि झायन ही जी जर्मन लूथरन मंडळीची दोन चर्चे, त्यांच्या उपासनेत इंग्रजी भाषा शिरू नये म्हणून त्यांनी संगनमत केले, आणि मार्ग कायद्याचा असो वा नसो, देहाने आणि प्राणाने तिला अडवण्याचा कट रचला. ज्युरीने त्यांना दोषी ठरवले. पुढच्या वर्षी या खटल्याचा सबंध वृत्तांत पुस्तकरूपाने छापला गेला.

मी ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले होते. पण आपल्यापैकी ज्यांची घराणी चार-सहा पिढ्या मराठी मुलखाबाहेर नांदत आहेत, त्यांना ते हसू फार वेळ टिकवता येणार नाही. उत्सवातले व्याख्यान मराठीतच ठेवावे की नातवंडांना कळेल अशा भाषेत, यावर आपल्या मंडळांतही आवाज चढलेले आहेत. प्रकरण कोर्टात गेले नाही, इतकेच. म्हणून ही हकीकत मुळापासून सांगतो.

पेनसिल्व्हेनिया ही विल्यम पेन या क्वेकर गृहस्थाने वसवलेली वसाहत. तिथे कोणत्याही पंथाच्या माणसाला आपल्या रीतीने उपासना करण्याची मोकळीक होती. इकडे ऱ्हाइन नदीकाठचा प्रदेश लढायांनी आणि करांनी पिळून निघाला होता. १६८३ मध्ये जर्मनटाउन वसले, आणि अठराव्या शतकात जहाजांमागून जहाजे भरून जर्मन शेतकरी व कारागीर येऊ लागले. ज्यांच्याजवळ भाड्याचे पैसे नसत ते उधारीवर चढत आणि फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरताच त्यांच्या मजुरीची विक्री होई. जो कोणी भाडे भरील त्याच्याकडे काही वर्षे राबायचे, असा करार. गॉटलीब मिटेलबर्गर नावाचा एक शिक्षक १७५० मध्ये या चर्चसाठी जर्मनीहून एक ऑर्गन घेऊन आला होता. परत गेल्यावर त्याने या प्रवासाचे, जहाजावरच्या उपासमारीचे आणि धक्क्यावरच्या या बाजाराचे जे वर्णन छापले, ते वाचवत नाही.

अशा लोकांना पाद्री कुठला? फिलाडेल्फियातले लूथरन भाड्याच्या जागेत, रिफॉर्म्ड पंथाच्या जर्मनांबरोबर आळीपाळीने उपासना करीत. पाद्री पाठवा म्हणून त्यांनी मायदेशी विनवण्या केल्या. शेवटी जर्मनीतील हाले गावच्या धर्मसंस्थेने हेन्रिक मेल्कियोर म्युलेनबर्ग या एकतीस वर्षांच्या तरुणाला पाठवले. १७४२ च्या नोव्हेंबरात तो फिलाडेल्फियाला पोहोचला.

या हालेबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण त्या गावाशी आपले नाते आहे. म्युलेनबर्गला आधी बंगालात पाठवण्याचा विचार होता. तो बारगळला म्हणून तो अमेरिकेला गेला. याच हालेत शिकलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाऊ १७०६ मध्ये तरंगंबाडीला उतरले होते. याच हालेचा ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ १७५० मध्ये दक्षिणेत आला आणि पुढे तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात त्याने विश्वास मिळवला. बाल सरफोजींच्या पाठीशी तो पालकासारखा उभा राहिला. मराठी मुलखापासून इतक्या दूर मराठी राखणारे, सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीला आणणारे सरफोजी राजे या पाद्र्याला इतके मानीत की त्याच्या मृत्यूनंतर त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही पाहायला मिळते. हालेचा छापखाना तरंगंबाडीची पत्रे छापी आणि पेनसिल्व्हेनियाचीही. एकाच घरातून दोन भाऊ दोन दिशांना गेले असे समजा.

म्युलेनबर्ग आला तेव्हा मंडळी कर्जात होती आणि आपसात भांडतही होती. त्याने १७४३ मध्ये सेंट मायकेल चर्चचा पाया घातला. १७४८ च्या ऑगस्टात त्याचे विधिवत समर्पण झाले. त्याच वेळी आसपासच्या लूथरन पाद्र्यांची पहिली संघटित परिषद त्याने भरवली. अमेरिकेतल्या लूथरन पंथाचा घटनात्मक आरंभ तिथून धरतात. तो स्वतः भाषेबाबत मुळीच कर्मठ नव्हता. जर्मन, डच आणि इंग्रजी, तिन्ही भाषांतून तो प्रवचन करी. समोर ज्या भाषेचे लोक बसले असतील ती भाषा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मंडळी वाढत गेली. १७६५ मध्ये पेन घराण्याकडून सनद मिळाली. सेंट मायकेल अपुरे पडू लागले म्हणून चौथ्या आणि चेरी रस्त्याच्या कोपऱ्यावर झायन चर्च उभे राहिले. १७६६ ते १७६९ एवढा काळ बांधकाम चालले. शहरात त्या काळी याहून मोठे सभागृह नव्हते. उधारीवर आलेल्या, राबून सुटलेल्या माणसांच्या वर्गणीतून ते उभे राहिले होते, हे मला महत्त्वाचे वाटते. चर्चला लागूनच शाळा होती. १७६४ च्या २६ डिसेंबरला त्या शाळेत जमून काही जर्मनांनी एक सोसायटी स्थापली. धक्क्यावर विकल्या जाणाऱ्या आपल्या माणसांना कायद्याचे संरक्षण मिळवून द्यायचे, हा तिचा हेतू. ती जर्मन सोसायटी अजून आहे. तिचे जर्मन ग्रंथालयही आहे.

शहरातल्या इंग्रजांना ही वाढ खुपत होती. बेंजामिन फ्रँकलिनसारख्या शहाण्यानेही १७५१ च्या सुमारास असे लिहून ठेवले की, हे पॅलाटिनेटचे गावठी लोक लवकरच आपल्यालाच जर्मन करून सोडतील. गंमत अशी की वसाहतीतले पहिले जर्मन वर्तमानपत्र त्यानेच १७३२ मध्ये काढले होते! ते चालले नाही. १७६४ च्या निवडणुकीत विरोधकांनी त्याचे हे जुने वाक्य उकरून काढले आणि जर्मन मते त्याच्या विरोधात गेली.

स्वातंत्र्ययुद्धात मात्र जर्मनांनी आपले वजन दाखवले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाल्याची बातमी सर्वांत आधी छापली ती ५ जुलै १७७६ च्या एका जर्मन वर्तमानपत्राने. शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले तेव्हा झायन चर्चचे लष्करी इस्पितळ झाले. म्युलेनबर्गचा थोरला मुलगा पीटर पाद्रीपण सोडून सेनापती झाला. दुसरा, फ्रेडरिक, हा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती. धाकटा अर्न्स्ट पाद्रीच राहिला, पण नाव कमावले वनस्पतिशास्त्रात; गवताच्या एका प्रजातीला त्याचे नाव आहे.

फ्रेडरिकच्या नावावर एक आख्यायिका जगभर फिरते. जर्मन ही अमेरिकेची राष्ट्रभाषा व्हायची होती, ती याच्या एका मताने हुकली म्हणे! आपल्या संमेलनांतूनही मी हे ऐकले आहे. खरी गोष्ट एवढीच की व्हर्जिनियातल्या काही जर्मनांनी कायद्यांचे जर्मन भाषांतर छापावे असा अर्ज केला होता, आणि १७९५ च्या जानेवारीत त्यावर पुन्हा बसून विचार करण्याचा ठराव ४२ विरुद्ध ४१ मतांनी पडला. राष्ट्रभाषेचा प्रश्न तिथे नव्हताच. परभाषेच्या मुलखात राहणाऱ्यांना अशा 'थोडक्यात हुकले'च्या गोष्टी फार प्रिय असतात.

आता १७९३. या वर्षापाशी मी वैद्यकीचा माणूस म्हणून थोडा रेंगाळणार आहे. ऑगस्टमध्ये धक्क्याजवळच्या गल्ल्यांत पीतज्वर सुरू झाला. पन्नासेक हजार वस्तीच्या शहरात नोव्हेंबरपर्यंत सुमारे पाच हजार माणसे गेली. ज्यांना शक्य होते ते पळाले, अध्यक्ष वॉशिंग्टनसुद्धा शहराबाहेर गेले. डासांमुळे हा ताप पसरतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावे लागले. तोवर कुणी सडक्या कॉफीच्या वासाला दोष देई, कुणी जहाजांना. बेंजामिन रश हे नामांकित डॉक्टर पारायुक्त रेचके देत आणि रोग्याचे रक्त काढीत, तेही भरमसाट. हानेमान यांचा समचिकित्सेवरचा पहिला निबंध १७९६ चा, म्हणजे अजून तीन वर्षे लांब. त्यामुळे आमच्या शास्त्राने तेव्हा काय दिवे लावले असते याची बढाई मी मारणार नाही.

झायनचे पाद्री हेल्मुट आणि श्मिट पळाले नाहीत. श्मिट स्वतः तापाने पडले. हेल्मुट घरोघर जात राहिले, अंत्यविधी करीत राहिले. या एका मंडळीने त्या शरद ऋतूत सहाशेहून अधिक माणसे पुरली. त्याच साली हेल्मुटांनी साथीचा वृत्तांत जर्मनमध्ये छापला, वर्षभरात त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. नाटके, सर्कस आणि चैन यांना सोकावलेल्या शहराला ही देवाने दिलेली शिक्षा आहे, असे त्यांचे मत होते. ते मत मला पटत नाही. पण मरणाऱ्याच्या उशाशी जो माणूस त्याच्या आईच्या भाषेत प्रार्थना म्हणत बसला, तो पुढे त्या भाषेसाठी हट्टाला पेटला तर त्याचा हट्ट मला समजतो. माझ्या दवाखान्यात आयुष्यभर दुसऱ्या भाषेत व्यवहार केलेली म्हातारी माणसे दुखणे वाढले की बालपणीच्या भाषेवर येतात. डॉक्टरला ते कळले नाही तर लक्षणे अर्धीच हाती लागतात.

साथ सरली, तोच १७९४ च्या २६ डिसेंबरला झायनला आग लागली. टॅननबर्ग या नामवंत कारागिराने घडवलेला नवा मोठा ऑर्गन जळून गेला. त्याला जेमतेम चार वर्षे झाली होती. दोन वर्षांत मंडळीने चर्च पुन्हा उभे केले. आणि १७९९ च्या २६ डिसेंबरला, आगीनंतर बरोबर पाच वर्षांनी, याच चर्चमध्ये काँग्रेसने वॉशिंग्टन यांची शोकसभा भरवली. हेन्री ली यांनी तिथे केलेले भाषण अमेरिकेत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ते अर्थातच इंग्रजीत होते. ज्या छताखाली पुढे एका इंग्रजी प्रवचनासाठी भाऊबंद कोर्टात उभे राहिले, त्याच छताखाली देशातले गाजलेले इंग्रजी भाषण होऊन गेले होते. परक्यांना चर्च द्यायला कुणाची हरकत नव्हती.

हरकत होती घरच्यांना. १८०३ च्या सुमारास मंडळीतल्या काही कुटुंबांनी मागणी केली की दोन जर्मन पाद्र्यांच्या जोडीला तिसरा, इंग्रजीत प्रवचन करणारा पाद्री नेमावा. मागणी करणारे परके नव्हते. त्यांचा पुढारी होता खुद्द म्युलेनबर्गचा मुलगा, सेनापती पीटर. त्यांचे म्हणणे साधे होते. आमची मुले इंग्रजांच्या दुकानांत काम शिकतात, मुली इंग्रज घरांत जातात. जर्मन प्रवचनाला ती जांभया देतात आणि शेवटी एपिस्कोपल चर्चमध्ये जाऊन बसतात. भाषा धरून ठेवाल तर धर्म जाईल.

हेल्मुटांचे म्हणणे नेमके उलटे. भाषा सोडाल तर धर्म जाईल. भजने, प्रार्थना, ल्यूथरचे बायबल हे सगळे जर्मनमध्ये; इंग्रजीत लूथरनांची धड पुस्तके तरी कुठे होती? न्यूयॉर्कच्या कुन्झे पाद्र्याने, म्हणजे म्युलेनबर्गच्याच जावयाने, १७९५ मध्ये एक इंग्रजी भजनसंग्रह काढला होता, तेवढाच काय तो आधार. शिवाय ही वास्तू आजोबांनी जर्मन उपासनेसाठी घाम गाळून उभारली. तिच्यावर नातवांचा हक्क आहे तो कोणत्या अटीवर? १८०५ मध्ये पाद्र्यांच्या परिषदेनेच ठराव केला की आमची परिषद जर्मन भाषकच राहील, इंग्रजी हवी असणाऱ्यांनी आपली मंडळी वेगळी करावी.

१८०६ च्या जानेवारीत कारभारी मंडळाची निवडणूक झाली. जर्मन पक्ष जिंकला, पण मताधिक्य फार मोठे नव्हते. हरलेले बाहेर पडले आणि त्यांनी सेंट जॉन्स ही इंग्रजी लूथरन मंडळी स्थापली. फिलिप मेयर नावाचा पाद्री त्यांनी बोलावला. तो १८५८ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, तिथे राहिला. पीटर म्युलेनबर्ग मात्र १८०७ मध्येच वारला. बापाने तिन्ही भाषांत प्रवचने दिली त्या मंडळीतून मुलाला भाषेपायी बाहेर पडावे लागले.

एवढ्यावर मिटायला हवे होते. पण इंग्रजी मागणारे सगळेच बाहेर गेले नव्हते आणि दहा वर्षांत नवी पिढी वयात आली. १८१५ मध्ये तीच मागणी पुन्हा उठली. या वेळी जर्मन पक्षाने एक प्रतिज्ञापत्र काढून सह्या गोळा केल्या. आमच्या चर्चमध्ये इंग्रजी येऊ देणार नाही, त्यासाठी देहाने आणि प्राणाने उभे राहू, अशा आशयाचे. निवडणुकीच्या दिवशी धक्काबुक्की झाली. दुसऱ्या पक्षाने फिर्याद केली आणि तो कागद पुरावा म्हणून कोर्टात आला.

मला वाटते, खटल्याचे मर्म या दोन शब्दांत आहे. 'देहाने आणि प्राणाने' हा जर्मन बोलण्यातला रुळलेला जोर आहे. आपण 'प्राणपणाने' म्हणतो, 'तनमनधनाने' म्हणतो, म्हणून कुणी हातात काठी घेतली असे होत नाही. पण इंग्रजी आरोपपत्रात ते शब्द उतरले आणि ती धमकी ठरली. इंग्रजीला दार बंद ठेवणाऱ्या माणसांची निष्ठा शेवटी इंग्रजी भाषांतरातच तोलली गेली. धक्काबुक्कीचे मी समर्थन करीत नाही. ती झाली, आणि चर्चच्या आवारात झाली.

दोष कुणाचा? ल्यूथरने तीनशे वर्षांपूर्वी बायबल लॅटिनमधून काढून जर्मनमध्ये आणले ते नांगर धरणाऱ्या माणसाला कळावे म्हणून. त्या न्यायाने पाहिले तर इंग्रजी मागणारेच ल्यूथरचे खरे वारस ठरतात. हेल्मुटांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण जी भाषा एकदा लोकांसाठी म्हणून निवडली जाते, ती दहा पिढ्यांनी पवित्र होऊन बसते. आम्हा जैनांना हे नवीन नाही. भगवान महावीरांनी संस्कृत टाळून लोकांच्या प्राकृतात उपदेश केला असे आम्ही अभिमानाने सांगतो, आणि णमोकार मंत्र मात्र प्राकृतातच म्हणतो. अर्थ विचारला तर मराठीत नाहीतर कन्नडात सांगावा लागतो. तो मंत्र मराठीत म्हणा असे उद्या कुणी सुचवले तर सर्वांत आधी मीच विरोध करीन. म्हणून एबर्ले आणि मंडळींना हसणे मी सोडून दिले.

खटल्यानंतर १८१८ मध्ये सेंट मॅथ्यूज ही आणखी एक इंग्रजी मंडळी निघाली. झायन जर्मन राहिले, पण ते ठरावांच्या आणि सह्यांच्या बळावर राहिले असे म्हणता येत नाही. हेल्मुट १८२५ मध्ये वारले, त्यानंतरच्या दशकांत जर्मनीतून स्थलांतराची नवी लाट आली. ताजी जर्मन बोलणारी माणसे येऊन बाकांवर बसली आणि भाषेने आणखी काही पिढ्या काढल्या. नवी माणसे आली नसती तर काय झाले असते, ते लँकॅस्टर आणि न्यूयॉर्कच्या जुन्या मंडळ्यांकडे पाहून कळते. तिथे इंग्रजी आधीच आत आली होती.

नव्याने आलेल्यांत आमच्या शास्त्राचे कॉन्स्टंटाइन हेरिंगही होते. ते १८३३ मध्ये फिलाडेल्फियाला आले आणि १८३५ मध्ये, हानेमानच्या जन्मदिवशी, जवळच्या अ‍ॅलनटाउनला जगातली पहिली होमिओपॅथीची शाळा निघाली. शिकवणे जर्मनमध्ये. पण १८३६ मध्येच त्या शाळेला 'ऑर्गेनॉन'ची इंग्रजी आवृत्ती छापावी लागली. शाळा काही वर्षांतच बंद पडली, आणि १८४८ मध्ये फिलाडेल्फियात जे कॉलेज निघाले ते इंग्रजीत शिकवणारे. आम्ही बीएचएमएसला हेरिंग शिकलो तेही इंग्रजीतूनच. हेरिंग काय किंवा एबर्ले काय, गाव एकच.

१८७० च्या आसपास जुन्या भागात व्यापार वाढला, सभासद लांब राहायला गेले, आणि दोन्ही जुन्या इमारती गेल्या. मंडळीने दुसरीकडे नवे झायन बांधले. वॉशिंग्टनची शोकसभा झाली ती वास्तू आज पाहायला मिळत नाही. पण शहरापासून काही तासांच्या घोडदौडीवर ट्रॅप नावाचे गाव आहे. तिथे म्युलेनबर्गने १७४३ मध्ये सेंट मायकेलच्याच वेळी बांधायला घेतलेले दगडी चर्च अजून जवळजवळ जसेच्या तसे उभे आहे. मागच्या आवारात तो स्वतः पुरलेला आहे, पीटरही तिथेच आहे. दारावरचा शिलालेख, त्यात बांधणाऱ्या कारभाऱ्यांची नावे, आणि म्हाताऱ्याच्या थडग्यावरचा मजकूर हे दोन्ही लॅटिनमध्ये आहेत.